सही करण्याआधी ग्रंथालयात या

विद्यापीठाच्या ग्रंथालयात संशोधकांच्या मदतीला बसणाऱ्या कुणालाही विचारा, हा प्रसंग त्यांनी पाहिलेला असतो. एक प्राध्यापिका येतात. एका चांगल्या जर्नलमध्ये छापून आलेला स्वतःचाच शोधनिबंध त्यांना विद्यार्थ्यांना द्यायचा असतो. लिंक उघडते, सारांश दिसतो आणि खाली चौकट: पूर्ण लेख हवा असेल तर पैसे भरा. "माझाच लेख मला विकत घ्यायला सांगतायत! ग्रंथालयाने हे जर्नल बंद का केलं?"

बंद केलं, कारण वर्गणी परवडेना. पण खरी गोम तिथे नाहीच. लेख स्वीकारल्याचा ईमेल आला त्या दिवशी, आनंदाच्या भरात, बाईंनी एका ऑनलाइन फॉर्मवर 'मान्य आहे' असं टिचकावलं होतं. त्या टिचकीसरशी लेखाचा कॉपीराइट प्रकाशकाच्या नावे झाला. ग्रंथालयात त्या आल्या त्यानंतर जवळजवळ वर्षभराने. आम्ही ग्रंथालयातली माणसं बरंच काही करू शकतो, पण वरातीमागून निघालेल्या घोड्याला जेवढं जमतं तेवढंच.

ओपन अ‍ॅक्सेस, म्हणजे संशोधन कुणालाही विनामूल्य वाचता येण्याची सोय, हा विषय निघाला की बोलणं लगेच पैशांवर जातं. पैसा त्यात आहेच. पण एखादा लेख मोकळा राहणार की कुलपात जाणार, हे बहुतेक वेळा त्या सहीपाशीच ठरतं.

आपणच लिहायचं, आपणच विकत घ्यायचं

शोधनिबंध लिहिणाऱ्याला त्याचं मानधन मिळत नाही. जर्नलकडे लेख गेला की संपादक तो त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतात. ते बारकाईने वाचतात, चुका काढतात, सुधारणा सुचवतात. यालाच पीअर रिव्ह्यू म्हणतात आणि हे कामही बहुधा फुकट होतं. लेखक काय, समीक्षक काय, त्यांचा पगार विद्यापीठं आणि संशोधन संस्था देतात. मग प्रकाशक लेखाची मांडणी करतो, संकेतस्थळावर टाकतो, सूचींमध्ये त्याची नोंद होईल असं बघतो. हे खरं काम आहे, त्याला खर्चही येतो. त्यानंतर तोच लेख वार्षिक वर्गणी घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयाला विकला जातो.

एवढं सगळं लेखक का सोसतात? कारण त्यांना हवे असतात नाव आणि मान्यता, पैसे नव्हेत. हा सौदा जुना आहे. १६६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' काढलं, तेव्हा शोध लावणाऱ्याला त्यातून मिळालं ते एवढंच: अमुक गोष्ट अमुक माणसाने अमुक तारखेला सांगितली, याची छापील साक्ष. त्याआधी संशोधक शोध पत्रांतून कळवत, कधी लपवून ठेवत, कधी आधी कुणी लावला यावरून भांडत. साक्षीच्या मोबदल्यात शोध जगापुढे ठेवायचा, हा व्यवहार दोन्ही बाजूंना परवडणारा होता. कागद, छपाई, टपाल यांना पैसे लागत, म्हणून वर्गणीही रास्त होती.

बिघडलं ते नंतर. दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधन झपाट्याने वाढलं, व्यापारी प्रकाशक या क्षेत्रात उतरले, आणि त्यांच्या लक्षात आलं की इथे भाव वाढवला तरी गिऱ्हाईक जात नाही. कारण साधं आहे. एका जर्नलमधल्या लेखाची गरज दुसऱ्या जर्नलमधल्या लेखाने भागत नाही. शिवाय कुठे छापायचं हे लेखक ठरवतो आणि बिल येतं ग्रंथालयाकडे. निवडणाऱ्याला किंमत दिसत नाही, किंमत मोजणाऱ्याला निवड नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या प्रकाशनसमूहांपैकी एकाच्या वैज्ञानिक विभागाचा नफा गेली अनेक वर्षं उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांहून अधिक राहिला आहे, तो उगाच नाही.

यात एक कोपरखळीही आहे. जर्नलची पत मोजणारा 'इम्पॅक्ट फॅक्टर' निघाला तो यूजीन गारफिल्ड यांच्या उद्धरण-सूचीच्या, म्हणजे कोणत्या लेखाचा हवाला कुणी दिला याच्या नोंदीच्या, कामातून. सूचीत कोणती जर्नलं घ्यावीत याच्या निवडीला मदत म्हणून तो सुरुवातीला वापरला गेला, आणि पुढे कोणती जर्नलं घ्यावीत हे ठरवायला ग्रंथपालांनाही त्याची मदत झाली. नंतर तोच आकडा नोकऱ्या आणि बढत्यांची फूटपट्टी होऊन बसला. ज्या जर्नलचा आकडा मोठा त्यालाच लेख द्यायचा, मग त्याची वर्गणी कितीही असो. ग्रंथालयाच्या कामाचं हत्यार ग्रंथालयाच्याच मुळावर आलं.

१९९० च्या दशकात प्रकाशकांनी टीव्हीच्या वाहिन्यांसारखी पॅकेजं काढली. शेकडो जर्नलं एकत्र घ्या, हवी ती सुटी घ्यायला गेलात तर महाग पडतील. २०१२ मध्ये हार्वर्डच्या प्राध्यापकांच्या ग्रंथालयविषयक समितीने कळवलं की जर्नलांवर वर्षाला सुमारे ३७.५ लाख डॉलर जातात आणि हे असं चालू ठेवणं शक्य नाही. हार्वर्डची ही गत, तर इतरांनी काय बोलावं! २०१९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने एल्सव्हिअर या बड्या प्रकाशकाशी वाटाघाटी थांबवल्या. नवा करार झाला तो २०२१ मध्ये. मधली दोन वर्षं संशोधकांनी आंतरग्रंथालयीन देवघेवीवर, लेखकांना ईमेल करून आणि मोकळ्या प्रती शोधून काम भागवलं. हे वाटाघाटीत टिकून राहण्याचं बळ त्यांना काही अंशी त्या मोकळ्या प्रतींनीच दिलं.

मोकळा म्हणजे किती मोकळा

फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्टचा जाहीरनामा निघाला आणि 'ओपन अ‍ॅक्सेस' या शब्दाला ठोस अर्थ आला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, वाचायला पैसे पडू नयेत. दुसरी अनेकदा विसरली जाते: लेख उतरवून घ्यायला, त्याच्या प्रती वाटायला, संगणकाने तपासायला, इतर कायदेशीर कामासाठी वापरायलाही आडकाठी नसावी. लेखकाचं श्रेय आणि लेखाचं मूळ रूप बिघडू न देण्याचा हक्क, एवढंच लेखकाच्या हाती राहावं.

फुकट वाचता येणारा प्रत्येक लेख म्हणूनच ओपन अ‍ॅक्सेस नसतो. कोविडच्या महासाथीच्या काळात अनेक प्रकाशकांनी त्या विषयावरचे लेख तात्पुरते खुले केले होते. दार उघडलं होतं खरं, पण किल्ली त्यांच्याच खिशात होती.

किल्ली कुणाकडे आहे हे परवाना सांगतो. बहुतेक ठिकाणी क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे तयार परवाने वापरतात, पहिले २००२ च्या डिसेंबरमध्ये आले. 'सीसी बाय' म्हणजे श्रेय द्या आणि हवं ते करा. त्यापुढे 'एनसी' लागलं तर व्यापारी वापर नाही. 'एनडी' लागलं तर बदललेली आवृत्ती प्रसिद्ध करता येत नाही. हे 'एनडी' लेखकांना फार आवडतं, आपल्या मजकुराची मोडतोड होऊ नये ही भावना समजण्यासारखी आहे. पण भाषांतर हाही कायद्याच्या लेखी बदलच. एनडी परवान्याचा लेख कुणी मराठीत आणला तर वेगळी परवानगी घेतल्याशिवाय तो छापता येणार नाही. इंग्रजीत वाचणाऱ्यांसाठी मोकळा आणि बाकी भाषांसाठी बंद, असा तो अर्धवट मोकळेपणा आहे. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो, आणि दहातल्या नऊ जणांच्या हे डोक्यातही आलेलं नसतं.

एका लेखाचे तीन जन्म

आता आमच्या कामाच्या गाभ्याकडे. संशोधकाला वाटतं लेख एकच आहे. ग्रंथालयाला तो तीन दिसतो, आणि बाईंचं काम होणार की नाही हे या तिघांत कोणता हाताशी आहे यावर ठरतं.

पहिलं रूप प्रीप्रिंट, जर्नलकडे पाठवण्याआधीचा मसुदा. त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही, तो लेखकाचाच. भौतिकशास्त्रात हे मसुदे उघडपणे वाटायची पद्धत जुनी आहे. १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी त्यासाठी एक संगणकीय भांडार सुरू केलं, तेच आजचं 'आर्काइव्ह' (arXiv). २००१ नंतर ते पुष्कळ वर्षं कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सांभाळलं. अडचण एवढीच की प्रीप्रिंट समीक्षकांच्या नजरेखालून गेलेला नसतो, आणि तो वाचणाऱ्याने हे भान ठेवायचं असतं.

दुसरं रूप म्हणजे समीक्षकांच्या सूचनांनुसार सुधारलेला, संपादकांनी स्वीकारलेला मसुदा. यात शास्त्र सगळं पक्कं झालेलं असतं, फक्त जर्नलची मांडणी, बोधचिन्ह, पृष्ठक्रमांक नसतात. दिसायला साधी वर्ड फाइल. सगळं सोनं या फाइलमध्ये आहे. कारण कॉपीराइट लिहून घेणारे बरेच प्रकाशकसुद्धा हा मसुदा विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात ठेवायची मुभा देतात, बहुधा सहा, बारा किंवा चोवीस महिन्यांचा बंधनकाळ संपल्यावर. ग्रीन मार्ग म्हणतात तो हाच. लेखकाला एक पैसा पडत नाही.

तिसरं रूप जर्नलच्या संकेतस्थळावरचं, देखणं, मांडणी झालेलं. लेखक अभिमानाने जी पीडीएफ आमच्याकडे पाठवतात ती नेमकी हीच असते आणि नेमकी हीच आम्हाला ठेवता येत नसते. मग आम्ही विचारतो, "स्वीकारलेली वर्ड फाइल आहे का?" समोर क्षणभर शांतता. ती फाइल जुन्या लॅपटॉपमध्ये असते, सहलेखकाकडे असते, किंवा 'अंतिम', 'नवीन अंतिम' आणि 'हीच अंतिम' अशा तीन भावंडांत हरवलेली असते. जगभरातल्या विद्यापीठांच्या भांडारांत किती लेख केवळ या एका फाइलपायी आलेले नाहीत, याचा हिशेब कुणी ठेवला नसेल. म्हणून लेख स्वीकारल्याचा ईमेल आला की त्याच दिवशी ती फाइल ग्रंथालयाकडे पाठवून द्या, एवढीच आमची विनवणी. बंधनकाळ मोजत बसायचं काम आमचं.

सहीच्या बाबतीतही पर्याय असतात. सगळा कॉपीराइट देण्याऐवजी प्रकाशकाला फक्त छापण्याचा परवाना देता येतो. करारात एक ओळ वाढवून मागता येते. काही प्रकाशक नकार देतील, पण मागितल्यावर हो म्हणणारेही असतात. याहून पक्का उपाय हार्वर्डच्या कला व विज्ञान शाखेने २००८ मध्ये शोधला. तिथल्या प्राध्यापकांनी एकमताने ठराव केला की आपल्या लेखांचा एक परवाना आधीच विद्यापीठाला दिलेला राहील. पुढे प्रकाशकाशी काहीही करार झाला तरी तो पहिला परवाना उरतो. एकट्या लेखकाने प्रकाशकाशी हुज्जत घालण्यापेक्षा विद्यापीठाने एकदाच ठराव करणं शंभरपट सोपं. असे ठराव मंजूर करून घेण्यामागे बहुतेक वेळा ग्रंथालयाची माणसं असतात. मसुदा लिहितात, विभागाविभागांत जाऊन समजावतात, आणि मंजूर झाल्यावर त्याची कारकुनीही तेच करतात.

पैसे भरून मोकळं करणं

गोल्ड मार्ग वेगळा. इथे जर्नलमधला लेख पहिल्या दिवसापासून खुला असतो. खर्च भागवायला अनेक जर्नलं लेखकाकडून प्रक्रिया शुल्क घेतात, त्याला एपीसी म्हणतात. हे शुल्क कुठे काहीशे डॉलर, कुठे काही हजार. 'नेचर'ने २०२१ पासून हा पर्याय दिला तेव्हा एका लेखाचा दर ९,५०० युरो होता. हायब्रिड जर्नलं तर दोन्हीकडून घेतात: ग्रंथालयाकडून वर्गणी, आणि आपला लेख खुला हवा असेल त्या लेखकाकडून शुल्क.

यावर तोडगा म्हणून एकत्रित करार आले. ग्रंथालय एक रक्कम देतं, त्यात वाचनही आलं आणि आपल्या लेखकांचे लेख खुले करणंही आलं. २०१८ मध्ये युरोपातल्या काही निधीसंस्थांनी 'प्लॅन एस' जाहीर करून, आमच्या पैशांवरचं संशोधन ताबडतोब खुलं हवं अशी अट घातली, तेव्हा या करारांना जोर चढला. ज्या विद्यापीठात असा करार आहे तिथल्या लेखकाला बहुधा खिशातून काही द्यावं लागत नाही, पण करारात आपलं जर्नल आहे का हे लेख पाठवण्याआधी बघावं लागतं. पुन्हा तेच, आधी विचारा.

माझं मत विचाराल तर हे करार म्हणजे वाचकापुढची भिंत उचलून लेखकापुढे नेणं आहे. श्रीमंत विद्यापीठाचा लेखक सहज आत जातो. ज्याच्या पाठीशी ना निधी ना करार, तो सगळं वाचू शकतो पण छापू शकत नाही. शुल्कमाफी असते, मात्र ती पुष्कळदा अर्ज करून मागावी लागते.

म्हणून डायमंड जर्नलं मला जास्त जवळची वाटतात. वाचायला पैसे नाहीत, छापायलाही नाहीत. खर्च विद्यापीठ, विद्वत्सभा किंवा सरकार उचलतं. लॅटिन अमेरिकेत हा मार्ग नवा नाही. ब्राझीलमध्ये १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'सायेलो'ने तो मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवला. अनेक विद्यापीठांची ग्रंथालयं आता स्वतःच जर्नल चालवायला मदत करतात. ओपन जर्नल सिस्टिम्स नावाची मोफत आज्ञावली त्यासाठी जगभर वापरली जाते. ग्रंथालय सर्व्हर सांभाळतं, लेखांना डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, देतं. संपादन प्राध्यापक करतात. मोठ्या प्रकाशकांचे संपादकही कधी कधी उठून चालते होतात. भाषाविज्ञानातल्या 'लिंग्वा'चं संपादक मंडळ २०१५ मध्ये बाहेर पडलं आणि त्यांनी 'ग्लॉसा' काढलं. २०२३ मध्ये 'न्यूरोइमेज'च्या चाळीसहून अधिक संपादकांनी शुल्काच्या दरावरून राजीनामे दिले.

पैसे भरून छापायची सोय झाली तिथे ठगही आले. लेख वाचायचाच नाही, पैसे घेऊन चार दिवसांत छापून मोकळं व्हायचं, अशा जर्नलांना 'प्रेडेटरी' हे नाव दिलं जेफ्री बील या अमेरिकन ग्रंथपालाने. त्यांची यादी गाजली, तिच्यावर वादही झाले, आणि २०१७ च्या जानेवारीत ती त्यांनी काढून टाकली. २०१३ मध्ये 'सायन्स'ने मुद्दाम चुकांनी भरलेला एक बनावट लेख तीनशेहून अधिक ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांकडे पाठवून पाहिला. १५७ जणांनी तो स्वीकारला. (तोच लेख वर्गणीच्या जर्नलांकडे पाठवलाच नव्हता, तेव्हा तिथे काय झालं असतं हे गुलदस्त्यातच राहिलं.) आज ग्रंथपाल काळी यादी देण्यापेक्षा पारख शिकवतात. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, त्यांना आपलं नाव तिथे आहे हे ठाऊक आहे का? शुल्क आधी स्पष्ट सांगितलंय का? जर्नल 'डीओएजे' या ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांच्या निर्देशिकेत आहे का? ही निर्देशिका २००३ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुरू झाली, आज तिच्यात वीस हजारांहून अधिक जर्नलं आहेत. आणि "आदरणीय महोदय, आपल्या थोर संशोधनाने आम्ही भारावलो" असं लिहून लेख मागणारा ईमेल आला तर तो सरळ कचऱ्यात.

दिसत नाही ते काम

लेख खुला झाला म्हणजे सापडेल असं नाही, आणि सापडला म्हणजे टिकेल असंही नाही. एकाच नावाचे दहा संशोधक असतात, एकाच संशोधकाचं नाव पाच तऱ्हांनी छापलेलं असतं. त्यासाठी ऑर्किड हा सोळा आकड्यांचा कायमचा क्रमांक २०१२ पासून मिळतो, मोफत. लेखाला डीओआय, माणसाला ऑर्किड, आणि भांडारातल्या नोंदीत दोन्ही नीट भरलेले, एवढं असलं की शोधयंत्रं उरलेलं करतात.

टिकण्याचं जास्त अवघड. एका अभ्यासात आढळलं की २००० ते २०१९ या काळात १७० हून अधिक ओपन अ‍ॅक्सेस जर्नलं इंटरनेटवरून साफ नाहीशी झाली. संपादक निवृत्त झाला, संकेतस्थळाचे पैसे भरायचे राहिले, संपलं. छापील अंक निदान कुणाच्या तरी कपाटात सापडतो. स्टॅनफर्डच्या ग्रंथालयांतून निघालेल्या 'लॉक्स' या डिजिटल जतनाच्या योजनेचं तत्त्व इथे जुनंच आहे: पुष्कळ प्रती पुष्कळ ठिकाणी ठेवा.

बाईंकडे परत येतो. वर्ड फाइल सापडली, सहलेखकाच्या ईमेलमध्ये. प्रकाशकाचं धोरण बघितलं, बंधनकाळ बारा महिन्यांचा, त्यातले तीन आठवडे उरलेले. नोंद त्याच दुपारी केली, फाइलला तारखेचं कुलूप लावलं. त्या दिवशी ते आपोआप उघडेल. तोवर विद्यार्थ्यांना वर्गापुरती प्रत देण्याची मुभा त्यांच्या करारात होतीच, फक्त तो त्यांनी वाचला नव्हता. निघताना त्या म्हणाल्या, "बरं झालं. तसा दुसराही एक लेख काल स्वीकारलाय."

"फॉर्म भरलात?"

"नाही अजून. लिंक आली आहे."

मी शेजारची खुर्ची पुढे सरकवली आणि म्हटलं, उघडा.